आत्याचे गमबूट

बिल्डिंगभर बोलवा होती, की आत्या गटारातून कोरोना घरी आणते. सेक्रेटरीकाका तर नाक दाबून गेंगाण्या सुरात म्हणायचे, "ताई, खोली सोडा. शीऽऽ! इथे माणसं राहतात!"

खरं एवढंच, की आत्या ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडते, पिवळट फेसाळ पाणी बाटलीत भरते आणि लॅबला देते. तिथे त्यातल्या विषाणूचा जीनोम वाचून कुठला व्हेरियंट कुठे पसरतोय ते कळतं. वास मात्र असा, की खाल्लेलं घशाशी येतं.

बिल्डिंगमध्ये तापाची साथ आली, तेव्हा मीही म्हणाले, "आत्या, हा ताप तूच आणलास. लाव पैज!"

"लावली. मी हरले तर खोली सोडते. तू हरलीस तर माझे गमबूट धुवायचे."

रिपोर्ट आला. आजाऱ्यांमध्ये सापडलेला नवा व्हेरियंट गावातल्या इतर कुठल्याच गटारात नव्हता. तो होता फक्त आमच्या चेंबरमध्ये, तेही सेक्रेटरीकाका परदेशातून खोकत परतले तेव्हापासून.

खोली आत्याकडेच राहिली. काका आता खाली मान घालून जिना चढतात. आणि मी गमबुटांच्या खाचांत अडकलेली, कुणाकुणाची कोण जाणे, घाण काडीने खरवडतेय. शीऽऽ!