सर्व्हर ‘वाढवा’ म्हणजे काय?

मंडळी, आज एका प्रश्नानं आमच्या दवाखान्याचा सर्व्हर वाचवला.

त्याच्या आतला पंखा बदलायला तो बंद करायचा होता. रॅकपाशी सहकारी इम्रानभाई होते, मी फोनवर. आमच्या घरी दिवा ‘बंद’ करत नाहीत, ‘वाढवतात’. सवयीनं बोलून गेले, “सर्व्हर वाढवा.”

“मॅडम, वाढवा म्हंजे? बाजूचा जुनाबी चालू करू का? साफ बोला ना!”

जुना चालू झाला असता, तर पेशंटांचे नवे-जुने रिपोर्ट एकमेकांत मिसळले असते. मी घाईनं म्हणाले, “नको! आहे तो बंद करा. आमच्या घरी दिवा असाच ‘वाढवतात’ हो!”

पंखा बसला. पुन्हा फोन आला, “मॅडम, आता पेटवू का?”

इम्रानभाई, न लाजता विचारलंत, मनापासून आभार. मला मात्र प्रश्न पडलाय: घरचे शब्द घरीच ठेवावेत का?