नाक वेगळं, गिअरबॉक्स वेगळा

माझ्या मुलाने गाडीच्या शोरूममधल्या माणसाचं नाक फोडलं तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. रक्त त्या माणसाच्या पांढऱ्या शर्टावर आलं, मग कॉम्प्युटरच्या बटणांवर पडलं. खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणाला मला बरं वाटलं. मग मुलाचा चेहरा दिसला. तो हुबेहूब त्याच्या बापाचा चेहरा होता.

त्या बापाचं आधी सांगते. माझा नवरा मिठागरावर मुकादम होता. फावड्याच्या दांड्याने त्याने माझं डावं मनगट मोडलं, ते वाकडंच जुळलं. दुसऱ्या दिवशी त्याने कल्याणहून साडी आणली. साडी नेसली की मार मिटला, असा आमच्या घरचा कायदा. मी अशा बऱ्याच साड्या नेसले. मुलगा हे सगळं दारात उभा राहून बघायचा.

आमचं गाव डोंबिवलीच्या बाहेर, खाडीच्या अंगाला. शेत होतं ते टॉवरवाल्याला गेलं. त्या पैशातून घर झालं, नणंदांचे वाटे झाले, आणि शेवटी उरलं त्यातून मुलाने गाडी घेतली, आपोआप गिअर पडणारी. तो वागळे इस्टेटमध्ये कारखान्यात फिटर आहे. लोक म्हणाले गाडी आली. मी म्हणाले, शेवटचं शेत चाकावर चढलं, ते गेलं की संपलं.

गाडीला वर्ष झालं आणि नवरा मेला. त्याच्या पहिल्या पितृपंधरवड्यात गाडीची सर्व्हिस आली. आली म्हणजे तारीख आधीच होऊन गेली होती. मुलाला कारखान्यात सुट्टी मिळाली नव्हती. पुढे महिनाभराची सवलत असते, तिचे शेवटचे दिवस पितरांत पडले. तो चावी घेऊन निघाला आणि मी दारात आडवी झाले.

"पितरांत घरात नवी वस्तू येत नाही," मी म्हणाले.

"आई, सर्व्हिस आहे. नवी गाडी नाय आणत मी."

"नवं तेल घालतात ना? नवी गाळणी बसवतात ना? मग ते नवं नाही तर काय जुनं?"

तो हसला, पण थांबला. मला नवऱ्याची भीती होती. मेलेल्या माणसाची भीती जिवंतापेक्षा जास्त, कारण तो कुठे उभा आहे ते कळत नाही. पान वाढलं तर कावळा दोन तास शिवेना. मी हात जोडून म्हणाले, गाडीला हात लावला नाही, आता तरी जेव. तेव्हा कुठे कावळा आला. घटस्थापनेला मुलाने गाडी नेली. शोरूमवाल्यांनी ती घेतली, पुस्तिकेवर शिक्का मारला, कोणी काही बोललं नाही. दसऱ्याला मी गाडीला हार घातला आणि त्या पुस्तिकेलाही हळदकुंकू लावलं.

कंपनीची वॉरंटी तीन वर्षांची. ती संपायच्या आधी वेगळे पैसे भरले की आणखी दोन वर्षं वाढवून मिळते. तिसरं वर्ष संपत आलं तेव्हा शोरूममधूनच फोन आले, रोज एक. मुलाने पैसे भरले. इंजिन आणि गिअरबॉक्सचे आतले भाग त्यात येतात. टायर, ब्रेकचे पट्टे, असलं झिजणारं येत नाही. आणि सगळ्या सर्व्हिस वेळेवर झालेल्या हव्यात. हे मला आता माहीत आहे. तेव्हा आम्ही कागद देवळीत ठेवला आणि विसरलो.

चौथ्या वर्षी घोडबंदर रोडवर पुलाच्या चढाला गाडी थांबली. इंजिन ओरडत होतं, चाक हलत नव्हतं. टेम्पोवर चढवून शोरूमला नेली. चार दिवसांनी बोलावणं आलं. सून नोकरीवर होती, म्हणून मी मुलाबरोबर गेले.

काउंटरवरचा माणूस तिशीचा असेल. असल्या माणसाला सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणतात. दुरुस्तीला गाडी ताब्यात घेतो तोही तो, आणि वाईट बातमी देतो तोही तोच. त्याने स्क्रीनकडे बघतच सांगितलं, "गिअरबॉक्स बदलावा लागेल. क्लेम रिजेक्ट आहे. दुसऱ्या वर्षीची सर्व्हिस सवलतीच्या वर अकरा दिवस लेट झालीय."

मुलगा माझ्याकडे वळला. "ऐकलंस? मेल्यावर पण बापाने खाल्लं. तुझ्या त्या कावळ्याने गाडी खाल्ली."

"हळू बोल," मी म्हणाले.

"अकरा दिवस. पितरांचे." त्याने त्या माणसाला सगळं सांगितलं, मी दारात आडवी झाले तेसुद्धा. माणूस मिशीत हसला. मागच्या टेबलावरचाही हसला.

"मग काकी," तो मला म्हणाला, "क्लेम आता कावळ्यालाच पाठवा. तोच पास करेल."

ठोसा तेव्हाच बसला. नंतर मुलगा म्हणाला, तुझा अपमान केला म्हणून मारलं. ते खरं नव्हतं. माझा अपमान त्याने स्वतःच आधी केला होता. त्याला कोणाला तरी मारायचं होतं, आणि आईवर हात उचलता येत नव्हता.

दुसरा ठोसा मारायला त्याने कॉलर धरली तेवढ्यात तीन गार्ड आले. त्यांनी त्याला नव्या गाडीच्या बॉनेटवर पाडलं, मग फरशीवर. एकाने त्याच्या पाठीवर गुडघा रोवला, दुसऱ्याने बरगडीत लाथ घातली. कॉफीचे कप धरून बसलेली गिऱ्हाइकं उठून भिंतीला लागली. माझ्याकडे पाण्याची स्टीलची बाटली होती, भरलेली. लाथ घालणाऱ्याच्या नडगीवर मी ती हाणली. तो खाली बसला. मी आणखी एक हाणली असती, पण बाटली हातातून सुटली.

मॅनेजरने आम्हाला काचेच्या केबिनमध्ये घेतलं. पंखा नको इतकं तिथे थंड होतं. मुलाचा ओठ फाटला होता. सुनेला फोन केला, ती दीड तासाने रिक्षाने आली. तिने नवऱ्याचा ओठ बघितला, बाहेर स्टुलावर नाकाला कापूस धरून बसलेला तो माणूस बघितला, आणि खुर्ची माझ्या बाजूला ओढून बसली. नवऱ्याच्या बाजूला नाही. वर्षापूर्वी त्याने तिला एकदा कानाखाली मारली होती. तेव्हा ती म्हणाली होती, पुन्हा कोणावरही हात उचललेला दिसला तर मी या घरात नाही. कोणावरही, असं म्हणाली होती. मी भांडी घासत ऐकलं होतं.

मॅनेजरने टाइप केलेला कागद पुढे सरकवला. इंग्रजीत होता. सुनेने वाचून मराठीत सांगितलं. आम्ही गिअरबॉक्सचा क्लेम मागे घ्यायचा आणि पुन्हा मागायचा नाही. ते पोलिसात तक्रार करणार नाहीत.

"दोन्ही पार्टीचं भलं आहे," मॅनेजर म्हणाला. "घरी जाऊन शांत झोपा."

मुलाने पेन उचललं. मी त्याचा हात धरला, माझ्या वाकड्या मनगटाने.

"सही करू नकोस."

"आई, आत टाकतील मला."

"टाकू देत." मी मॅनेजरकडे वळले. "नाक कोणाचं फुटलं? तुमचं?"

"माझ्या स्टाफचं."

"त्याला विचारलंत?"

मी दार उघडलं आणि त्या माणसाला हाक मारली. "ए बाळा, तुला तक्रार करायचीय का?"

त्याने कापूस बाजूला केला. नाक वांग्यासारखं झालं होतं. मॅनेजरकडे एकदा बघून तो म्हणाला, "मला कोणी विचारलंच नाही, काकी. करायची तर आहे."

"मग कर. जे बोललास ते वाईट बोललास, पण नाक तुझं आहे."

मुलगा माझ्याकडे असा बघत होता, जशी मीच त्याला लाथ घातली होती. घालायला हवी होती, वीस वर्षांपूर्वी. मी त्याला तिथेच सांगितलं, मॅनेजरसमोर, सुनेसमोर. मार खाऊन साडी नेसायची, आणि मग माराचं नाव काढायचं नाही. हा कागद म्हणजे तसलीच साडी आहे. नाक वेगळं, गिअरबॉक्स वेगळा. नाक फोडलंस त्याचं पोलिसात जाऊन भर. गिअरबॉक्स त्यांनी द्यायचा असेल तर त्यांनी द्यावा, नसेल द्यायचा तर का नाही ते लिहून द्यावं.

चौकीत सगळं लिहून घेतलं. नाकाचं हाड मोडलं नव्हतं, म्हणून त्या संध्याकाळी मुलगा सुटला. पण तक्रार नोंदली गेली, समज मिळाली, आणि पुढे साहेबासमोर उभं राहून पुन्हा असं करणार नाही अशी हमी लिहून द्यावी लागली. गार्डने घातलेल्या लाथेचंही मी लिहायला लावलं. माझ्या बाटलीचं मीच सांगितलं. हवालदार म्हणाला, "आजी, हे कशाला सांगता?" मी म्हणाले, सगळ्यांचं लिहिताय तर माझंही लिहा.

घरी आल्यावर मुलाने जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं. आमटी कॅलेंडरवर ओघळली. सुनेने ते बघितलं. सकाळी तिने बॅग भरली आणि ती कल्याणला माहेरी गेली. मी अडवलं नाही. तो अडवायला उठला तर मी दारात आडवी झाले. या वेळी बरोबर झाले.

आठ दिवस घरात आम्ही दोघंच. मी चौथीपर्यंत शिकले. इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. एका दुपारी मी देवळीतून ती पुस्तिका आणि वाढीव वॉरंटीचा कागद काढला आणि बोट ठेवून तारखा वाचल्या. उशिराच्या सर्व्हिसचा शिक्का कुंकवाने लाल झाला होता, तरी तारीख दिसत होती. वॉरंटीच्या कागदावरची तारीख त्याच्या वर्षभरानंतरची होती. मी पुन्हा वाचलं.

सुनेला फोन लावला. "उशीर आधी झाला," मी म्हणाले. "कागद मागाहून विकला. त्यांना माहीत होतं, त्यांच्याच शिक्क्याने माहीत होतं, तरी विकला."

ती म्हणाली, "फोटो पाठवा दोन्हींचे."

"मला काढता येत नाही."

"मग त्यांना काढायला सांगा. माझ्याशी बोलायची गरज नाही त्यांना."

मुलाने फोटो काढले. सुनेने माहेरी बसून शोरूमला नाही, थेट गाडीच्या कंपनीला लिहिलं. क्लेम कुठल्या कलमाने नाकारला ते लेखी द्या, उघडलेल्या गिअरबॉक्सचे फोटो द्या, आणि अकरा दिवसांच्या उशिराने वॉरंटी गेली होती तर वर्षाने आम्हाला विकलीत काय, ते सांगा. बस, एवढंच. शिवी नाही, विनवणी नाही. मला ते पत्र तिने फोनवर वाचून दाखवलं तेव्हा वाटलं, ठोशापेक्षा हे जास्त लागेल.

कंपनीचा इंजिनिअर आला, गिअरबॉक्स बघून गेला. तीन आठवड्यांनी क्लेम मंजूर झाला. टेम्पोचं भाडं आम्ही भरलं, गिअरबॉक्स त्यांनी दिला. मॅनेजरने फोन केला नाही. गाडी तयार आहे म्हणून त्या नाक फुटलेल्या माणसानेच केला.

मुलाला वाटलं आता सून येईल. तो गाडी घेऊन कल्याणला गेला आणि तासाभरात एकटाच परत आला. "म्हणते, गाडी दुरुस्त झाली ते कळलं. तुमचं काय ते कळलं नाही." मी म्हणाले, बरोबर म्हणते.

या वर्षी सर्व्हिस परत पितरांत आली. मीच म्हणाले, चल. कावळ्याला घरी पान वाढलं, वाट बघितली नाही, आणि गाडीत बसले. काउंटरवर तोच माणूस. नाकावर बारीक वळ राहिलाय. आम्हाला बघून तो खुर्चीतून अर्धा उठला.

"बसा," मुलगा म्हणाला. "तेल बदलायचंय."

त्याने गाडी घेतली. दोन तास सांगितले होते. दोन तासांनी येऊन म्हणाला, "सॉरी, गाळणी स्टॉकमध्ये नाहीय, वागळेहून मागवलीय. अजून तीन तास लागतील."

मी मुलाच्या हाताकडे बघत होते. बोटं आत वळली. अंगठा वर आला. मानेची शीर फुगली, ती मला ओळखीची आहे. त्या माणसाने एक पाऊल मागे घेतलं. मग मुलगा वळला, भिंतीजवळच्या खुर्चीत बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले, शाळेत बाई बसवतात तसे.

अर्ध्या तासाने मी बाहेर जाऊन सुनेला फोन लावला.

"गाळणी नाही म्हणाले. तीन तास थांबायचंय," मी सांगितलं.

"मग?"

"बसलाय."

"हात?"

"मांडीखाली."

"गाडी मिळाली की पुन्हा फोन करा," ती म्हणाली. "बघते."

मी आत येऊन त्याच्या शेजारची खुर्ची घेतली. अडीच तास उरले होते.