खिंडीतलं ‘येते हं’

पेरूमधल्या त्या खिंडीच्या माथ्यावर पोचलो तेव्हा धड श्वासही घेता येत नव्हता. सायकल आडवी टाकून “आई गं” म्हणत मी खाली बसलो.

“मराठी का?” दगडाला टेकलेल्या बाईंनी विचारलं. वय साठीच्या पुढचं, शेजारी सामानाने लादलेली सायकल.

“हो, पुण्याचा. वारजे.”

“म्हणजे पुण्याजवळचे.” त्या स्वतः शनिवार पेठेतल्या होत्या.

डब्यातला दाण्याचा लाडू मोडून त्यांनी निम्मा माझ्या हातावर ठेवला. इथून पुढे ट्रक मिळाला तर बघतो, असं मी म्हणालो.

“पुढे नुसता उतार आहे, मी तिकडूनच आले. उतार ट्रकने जायचा होता, तर चढ कशाला चढलात?”

मग पुण्यात बायका स्कूटरवर बांधतात तसा त्यांनी तोंडाभोवती घट्ट स्कार्फ बांधला आणि मी आलो त्या दिशेला सायकल वळवली. “येते हं.”

“या,” माझ्या तोंडून सवयीने गेलं.

नाव न विचारता, पत्ता न देता मी त्यांना घरी बोलावून बसलो होतो. हे लक्षात आलं तेव्हा निम्मा उतार संपला होता. सायकलवरूनच.