दुपट्ट्याच्या गाठीतली भाकर

चामोर्शीच्या बाजूला एका मोठ्या तळ्याच्या काठी डोमा धिवर राहायचा. तळ्यात जाळं टाकावं, बाजाराच्या दिवशी मासळी चामोर्शीला न्यावी, रोवणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत चिखल तुडवावा, असं त्याचं साधं जगणं. माणूस पापभीरू, पण डोकं भलतं चिकट. कोणी सहज काही बोलून गेलं की डोमा ते शब्द घरी आणायचा आणि दिवसभर जाळं विणता विणता घोळवत बसायचा. गिरजा, त्याची बायको, म्हणायची, "अजी, लोक बोलून इसरते आन् तुमी आयकून बिमार पडता."

हा डोमा पन्नास-एक्कावन्न सालच्या सुमारास ख्रिस्ती झाला. झाला म्हणजे कोणी पैसे दिले म्हणून नव्हे, लोक काय वाटेल ते बोलतात. पटकीच्या साथीत त्याचा भाऊ लच्छू गेला तेव्हा मढ्याला हात लावायला सख्खे भाऊबंद पुढे येईनात. त्या वेळी सिरोंच्याकडून आलेल्या देवय्या पाद्र्यानं खांदा दिला. हा तेलुगू माणूस लुथेरन नावाच्या ख्रिस्ती पंथाचा, कोसभरावरच्या गावात मातीच्या भिंतींची प्रार्थनेची खोली बांधून राहिलेला. त्याची मराठी पुस्तकातून शिकलेली आणि राग नाकाच्या शेंड्यावर. पण त्या दिवशी तो लच्छूसाठी रडला, आणि डोमाच्या मनात ते जाऊन बसलं. वर्षभरानं त्यानं बाप्तिस्मा घेतला.

गिरजा मात्र गेली नाही. ती भांडली नाही, रुसली नाही, फक्त म्हणाली, "दोघंई गेलो तं घरच्या देवाजवळ दिवा कोण लावन?"

पुढं काही महिन्यांनी गिरजानं अंथरूण धरलं. छाती दुखायची, पायावर सूज चढायची, चार पावलं टाकली की दम लागायचा. वैद्य झाला, पुजाऱ्याचा अंगारा झाला, चामोर्शीच्या डॉक्टरची लाल बाटली झाली. चांद्याला मोठ्या दवाखान्यात चल म्हटलं की ती भिंतीकडे तोंड फिरवायची. आणि नेमका ईस्टरचा रविवार आला. त्या दिवशी डोमाला पहिल्यांदा प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला मिळायचा होता. सकाळी तो धुतलेला दुपट्टा खांद्यावर टाकून निघाला, तर गिरजानं हाक मारली.

"अजी, येतानी तुमच्या देवाचा प्रसाद आणा. साऱ्या देवाइचं खाऊन झालं. तुमचा एकच राह्यला."

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे पूजेला गेलेला माणूस घरच्या आजाऱ्याला विसरून रिकाम्या हातानं परत येतो का? सत्यनारायणाचा शिरा असो की मारुतीचं खोबरं, घरच्यांचा वाटा पदरात बांधून आणायचा, ही लहानपणापासूनची सवय. डोमा "आणतो" म्हणाला आणि निघाला. त्यात काही चुकतंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

भोजनाच्या वेळी सगळे गुडघे टेकून बसले. पाद्रीणबाईनं तव्यावर भाजलेली गव्हाची पातळ भाकर मोडत मोडत देवय्या पुढे आला. "हे तुझ्यासाठी दिलेलं प्रभूचं शरीर," असं म्हणत त्यानं डोमाच्या तळहातावर तुकडा ठेवला आणि तो पुढच्या माणसाकडे वळला. डोमानं मूठ मिटली. प्याल्यातला द्राक्षरसाचा घोट त्यानं भक्तिभावानं घेतला, पण तुकडा हळूच दुपट्ट्याच्या टोकाला बांधला. गिरजाचा वाटा मिळाला म्हणून तो मनातून खूश होता.

खुशी टिकली उपासना संपेपर्यंत. नंतर नव्या लोकांना बसवून घेऊन देवय्या शिकवायला लागला. म्हातारा इतवारी मध्येच बोलला, "पाद्रीबाबा, माझा जवाई चांद्याच्या दुसऱ्या मिशनात जाते. तो म्हणते, भाकर म्हंजे नुसती निशानी. प्रभूची याद राहाव म्हणून."

झालं! देवय्याच्या कानशिलावरच्या शिरा तट्ट फुगल्या.

"निशाणी?" तो म्हणाला. "प्रभूनं काय म्हटलं? हे माझं शरीर आहे. 'आहे' म्हटलं. 'माझ्या शरीरासारखं आहे' म्हटलं नाही. भाकर भाकरच राहते, इतवारी, चव घेऊन पाहा. पण त्या भाकरीत, तिच्यासोबत, तिच्याखाली तो स्वतः येतो. खरा. अंगानिशी. कसा येतो ते विचारू नका, मलाही कळत नाही. आणि जो त्याला ओळखल्याशिवाय खातो, तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, असं शास्त्रात लिहिलं आहे."

डोमाचा हात आपोआप दुपट्ट्याच्या गाठीवर गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला. बाप रे, आपण बांधलं तरी कोणाला? आणि गिरजानं हे खाल्लं तर? तिला काय ओळख? तिच्यावर दंड आला, आधीच तोळामासा झालेला जीव गेला, तर मारणारे आपणच की!

लोक पांगले. डोमा दाराशी घुटमळला. सांगून टाकावं, असं त्याला फार वाटलं. पण देवय्या अजून इतवारीच्या जावयावर धुमसत जेवायला बसला होता. डोमा दोन पावलं आत गेला, घसा खाकरला, "येतो, पाद्रीबाबा," म्हणाला आणि बाहेर आला. थोडं चालून परत फिरला. पुन्हा दारापर्यंत आला आणि पुन्हा वळला. पाद्रीणबाईला वाटलं, याची काठी बिठी राहिली असेल.

वाटेवर मोहाची झाडं होती. फुलं वेचायला आलेल्या बाया त्याला हाका मारत होत्या, पण डोमाचं लक्ष नव्हतं. दुपट्टा खांद्यावर ठेवावा तर पाठीला घाम, ओला होईल. हातात धरावा तर हात मासळीचे. शेवटी त्यानं तो दोन्ही तळव्यांवर घेतला आणि तान्हं मूल न्यावं तसा चालू लागला. तापलेल्या वाटेवर पाय भाजत होते, पण सावलीत थांबायचं त्याला सुचलं नाही.

स्वतःच खाऊन टाकावं? पण तो गिरजाच्या नावानं बांधलेला वाटा. आजाऱ्याच्या तोंडचं खायचं? जमिनीत पुरावं तर मुंग्या लागतील. तळ्याच्या पाळीवर तो क्षणभर उभा राहिला. पाण्यात सोडलं तर? आणि मग त्याच्या डोक्यात आलं की मासे खातील, ते मासे आपण धरू, बाजारात विकू, आणि अख्ख्या चामोर्शीवर दंड पडेल. "अरे देवा!" असं मोठ्यानं म्हणत तो पाळीवरून जवळजवळ पळतच सुटला. हसू नका. ज्याला एखादी गोष्ट खरी वाटते, त्याचं असंच होतं.

घरी गिरजा खाटेवर उठून बसली होती. वाट पाहत असावी, केससुद्धा विंचरले होते.

"आणला?"

"आणला," डोमा म्हणाला. "पण तुले देता येत नाई."

"काऊन? मी काय विटाळाची हाओ?" तिचे डोळे भरून आले. "एवढं तोंडानं मांगितलं मी."

"तसं नाई वं!" डोमाचा आवाज फाटला. त्यानं सगळं भडाभडा सांगून टाकलं. मूठ, गाठ, इतवारीचा जावई, पाद्र्याचा राग, दंड. "हा परसाद नोहे, गिरजे. खुद तोच हाये याच्यात. अंगानिशी. मले भेव लागते. तुले काई झालं तं मी काय करू?"

गिरजानं गाठीकडे बोट केलं.

"जिता?" तिनं हळूच विचारलं.

"हाव. जिताच."

"आन् त्याले तुमी असं गाठोड्यात बांधून उन्हातानाचं आणलं? काई शरम?" ती खांबाला धरून उठली. डोमा नको नको म्हणत असतानाच तिनं भिंतीला टेकवलेला पाट आडवा केला, पदरानं पुसला, तांब्याभर पाणी भरून शेजारी ठेवलं. एवढ्यानंच तिला धाप लागली. "ठेवा इथी. घरी आलेल्या माणसाले आधी पाणी देते का गाठ मारते?"

डोमानं गाठ सोडली. तुकडा वाळून कडक झाला होता, एका कोपऱ्याचा चुरा पडला होता. त्यानं तो पाटावर ठेवला. दोघंही पाटासमोर खाली बसले.

"आता?" गिरजा म्हणाली.

"तो म्हणते, घ्या, खा. खायासाठीच देला त्यानं."

"तुमाले म्हणते," गिरजा म्हणाली. "मले कुठी म्हटलं? मी तं त्याच्या घरी गेलीच नाई." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "खा तुमी. असं ताटकळत नका ठेवू त्याले."

तिच्यासाठी एवढ्या लांबून आणलं, आणि खायचं आपण! शेवटी डोमानं गुडघे टेकले, तुकडा तोंडात घातला, पाटावरचा चुरा बोटानं टिपून तोही खाल्ला. घशातून उतरेना, तेव्हा गिरजानंच तांब्या पुढे केला. डोमा हुंदके देत पाणी प्याला. मग तोंड पुसून घाईघाईनं उठला. पाद्र्याला सगळं सांगायला हवं होतं. आता, या पावली. तो देईल ती शिक्षा घ्यायला हवी होती.

तो दारापाशी पोचला तेवढ्यात गिरजानं त्याच्या दुपट्ट्याचं टोक धरलं.

"अजी, कुठी चालले? तो आता तुमच्यात हाये ना?"

"हाव."

"अंगानिशी?"

"हाव, अंगानिशी."

"मंग मले सोडून कुठी नेता त्याले? बसा इथी माझ्यापाशी."

डोमा बसला. तिनं त्याचा मासळीच्या वासाचा हात उचलला आणि आपल्या दुखऱ्या छातीवर ठेवला.