भिंतीवरच्या तारखा

दिवाळीला घराला चुना मारताना मी उत्साहाने दाराशेजारचा मलेरियाच्या तारखांचा चौकोनही पांढरा करून टाकला.

दर पंधरा दिवसांनी सायकलवरून येणारा खाकीतला माणूस दारातून डोकं आत घालून विचारायचा, "ताप हाय का कुणाला?" मग कानामागची पेन्सिल काढून त्या चौकोनात तारीख घालून सही करायचा. कार्यक्रम दिल्लीचा, पैसा सरकारचा, हुकूम पुण्याचा. ताप विचारायला मात्र हा एकटा.

कोरी भिंत बघून तो पायरीवरच बसला. "उद्या सायेब तपासाय येणार. त्यांचा इश्वास भिंतीवर, माज्यावर न्हाय. नोकरी गेली की माजी."

तो गेल्यावर मी कॅलेंडर समोर धरून त्याच्या वर्षभराच्या तारखा सह्यांसकट लिहून काढल्या. हात थांबेना, म्हणून पुढच्या महिन्याच्याही दोन लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्या दोन मोठ्याने वाचल्या. तो शांतपणे म्हणाला, "या घरात ताप यायच्या आदीच येतो मी, सायेब."

साहेब हसत सुटले आणि नोकरी वाचली.

संध्याकाळी बायको म्हणाली, "सह्या त्यांच्या केल्यात, आता चौकशीही करा. दुपारपासून कणकण आहे माझ्या अंगात."