शेवटचा बाक आणि आमचं आडनाव

नऊ आणि पाच वर्षांच्या मुलांना घेऊन होलोकॉस्टचं, म्हणजे हिटलरने केलेल्या ज्यूंच्या संहाराचं, स्मृतिकेंद्र बघायला निघालोय म्हटल्यावर मैत्रिणींनी मला वेड्यात काढलं. पण थोरल्या यशूच्या वर्गात सध्या दुसरं महायुद्ध चालू आहे आणि तिचे प्रश्न काही केल्या संपेनात. मी हॉस्पिटलात फार्मासिस्ट. डोस विचारा, इतिहासात मी काठावर पास.

शनिवारी नऊला इंग्लंडमधलं आमचं लेस्टर सोडलं. ए४६ महामार्गाने नेवार्कपर्यंत सरळ, पुढे शेतांमधले अरुंद रस्ते. सव्वा तास धरा. गाडी माझा नवरा मिलिंद चालवत होता. मी शेजारी बसून आमच्या मराठी गटाच्या दिवाळी कार्यक्रमाचा फॉर्म मोबाइलवर भरत होते. नेहमीसारखीच नावं लिहिली: यशोधरा मिलिंद, कबीर मिलिंद.

तिकिटं आधी ऑनलाइन काढा आणि कोणतं दालन कोणत्या वयासाठी तेही विचारून ठेवा. फोटोंचं दालन मोठ्यांसाठी आहे, तिथे आम्ही दोघं आळीपाळीने गेलो. मी पाच मिनिटांत बाहेर आले. मुलांच्या दालनात भीती वाटेल असं काही नाही. एका ज्यू मुलीचं घर, तिची सुटकेस, तिचा वर्ग. कॅफेतलं सूप बरं आहे, पण कबीर डब्यातल्या मेथीच्या पराठ्यांवरच जगला.

वर्गात सगळे बाक जोडीने मांडलेले, एकच मागे भिंतीला लावलेला. तिथे बसून बघता येतं. यशू बसली.

"तिला एकटीला का बसवला?" तिने तिच्या इंग्लंडी मराठीत मला विचारलं.

"ती ज्यू होती म्हणून."

"पण कळला कसा? ती तर सगळ्यांसारखीच दिसते."

तिथल्या स्वयंसेवक आजींना तिने तोच प्रश्न इंग्रजीत विचारला. आजी म्हणाल्या, "नावावरून, कागदांवरून. आणि शेजाऱ्यांना माहीत असतंच."

यशू माझ्याकडे वळली. "म्हणून तू सांगते, आडनाव नाही सांगायचं?"

सांगते, खरं आहे. आम्ही बौद्ध, आडनाव कांबळे. ते कळल्यापासून गटातल्या एका काकूंनी मला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. मुलांच्या वाट्याला हे नको म्हणून मी आडनावाच्या जागी मिलिंदचं नाव लिहायला लागले. मला ती हुशारी वाटायची. त्या बाकापाशी लाज वाटली.

"तुझ्या आबांनाही गावच्या शाळेत दाराबाहेर बसवायचे," मी म्हटलं.

"आबा ज्यू होते?"

"नाही गं. आपल्या जातीमुळे. ज्यूंना तर मारूनच टाकलं, ते वेगळं. पण पोरांना वेगळं बसवायचे, ते दोन्हीकडे."

"मग आबांनी आडनाव बदलला?"

"नाही."

"का नाही?"

 मी आबांना, माझ्या सासऱ्यांना, हे कधी विचारलंच नव्हतं.

बाहेर बागेत मेलेल्यांची आठवण म्हणून दगड ठेवतात, ती ज्यूंची रीत आहे. कबीरने खिशातला सगळ्यात आवडता, पांढरा दगड ठेवला आणि गाडीपर्यंत तीनदा मागे वळून बघितलं.

घरी येऊन लगेच नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. यशूने सरळ विचारलं, "आबा, तुम्ही आडनाव का नाही बदलला?"

 आबा म्हणाले, "बेटा, मास्तर हजेरीत माझं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचे. पण पूर्ण घ्यायचे, आडनावासकट. तेवढं ऐकायला मी रोज जायचो."

मुलं फार लहान आहेत, असं सांगणाऱ्या मैत्रिणींना माझं उत्तर एवढंच, की लहान मीच होते. केंद्रातलं बाकी बरंच विसरेन. तो बाक नाही विसरणार.

फॉर्म अजून पाठवायचा राहिला होता. यशूने मोबाइल घेतला, दोन्ही नावांपुढे एकेक अक्षर शोधत कांबळे लिहिलं आणि विचारलं, "पाठवू?"

काकूंचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मी म्हटलं, "पाठव."