चौदाशे बारा नंबरची कोरी ओळ

भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा ठेवायला जाते. त्यातून माझं पोट कॉम्प्युटरवर... तिथे घातलं तेवढंच बाहेर येतं, न घातलेलं येत नाही, हे मी कुणालाही ठणकावून सांगायचे. २००४ च्या मे महिन्यापर्यंत सांगत होते.

आमचं घर भिवंडीत, टेमघरला. माझे वडील – आम्ही आप्पा म्हणायचो – तिथल्या एका मराठी शाळेत कारकून. त्या ३१ मेला ते निवृत्त होणार होते. जन्मतारीख माहीत नसलेल्या पोरांना गुरुजी सरसकट १ जून लावायचे, त्यातलेच आप्पाही एक. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची एक ओळ आणि एक नंबर असतो. त्या रजिस्टरची पानं सुटायला आली होती. अंबाडीकडचा एखादा म्हातारा दारात येऊन "सायेब, माजं नाव हाय ना वहीत? दाखला पायजे," म्हणाला की आप्पा एकेक पान दोन्ही हातांनी धरून उलटायचे.

शाळेला नुकताच एक कॉम्प्युटर मिळाला होता आणि मी व्हीबी, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, शिकले होते. सगळं रजिस्टर त्यात चढवायचं, छापील यादी ताडून पाहायची, खाली सही करायची आणि मगच खुर्ची सोडायची, असं आप्पांनी ठरवलं.

सुट्टीतली रिकामी शाळा, बाहेर लूमची खडखड. आप्पा वाचायचे, मी टेक्स्ट फाइलमध्ये टाइप करायचे.

"आप्पा, जरा मोठ्याने."

"कारकुनाला ओरडायची सवय नसते. ते गुरुजींचं काम."

एका दुपारी चौदाशे अकरानंतर त्यांनी एकदम चौदाशे तेरा वाचलं.

"बारा राहिला, आप्पा."

"कोरी आहे ओळ. नंबर टाक आणि पुढे चल."

जन्मात एक रकाना रिकामा न सोडलेला माणूस... मी वाकून पाहिलं. त्यांच्याच अक्षरात नंबर आणि पुढे काही नाही. मग पानावरचं वर्ष पाहिलं आणि नुसता नंबर टाइप केला.

त्या वर्षी माझा धाकटा भाऊ नंदू पहिलीत जाणार होता. बोट धरून न्यायचं काम माझ्याकडे होतं. सबंध मे महिना तो दप्तर पाठीला लावून घरात फिरला, जेवतानाही काढायचा नाही. महिनाअखेरीस त्याला कावीळ झाली आणि आठ दिवसांत तो गेला. आप्पांनी त्या पानावर नंबर आधीच घालून ठेवले होते, आणि बारावा नंदूसाठी धरला होता. तो दुसऱ्या मुलाला देणं त्यांना जमलं नसावं.

टायपिंग संपल्यावर मी कोड लिहिला. साधाच. फाइलमधून एक ओळ वाचायची, ॲडन्यू म्हणायचं की टेबलात कोरी ओळ उघडते, रकाने भरायचे, आणि अपडेट म्हणायचं की ती पक्की होते. नाव नसेल तर ती ओळ सोडून द्यायची. रजिस्टरात एकूण २२८६ नंबर, एक कोरा, म्हणजे २२८५ रेकॉर्ड यायला हवी होती.

आली २२८६.

शोधलं तर चौदाशे बारा भरलेला. नाव अनिरुद्ध. पुढे आप्पांचं नाव, आमचं आडनाव, आईच्या रकान्यात माझ्या आईचं नाव. आजूबाजूला नुसते एक जून, आणि इथे नंदूची खरी जन्मतारीख. त्या पानावरच्या बाकी सगळ्यांना शाळा सोडल्याची तारीख होती, एवढा एकच रकाना त्याचा मोकळा. टेक्स्ट फाइल उघडली, तिच्यात फक्त नंबर होता. शिवाय अनिरुद्ध नावाचं आमच्या घरात कुणीच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आप्पांनीच भरलं असेल. अहो, ते माउसलासुद्धा हात लावत नसत. तरी मी टेबल पूर्ण रिकामं केलं, त्यांना शेजारी बसवलं आणि त्यांच्यासमोर पुन्हा चालवलं. पुन्हा २२८६.

आप्पांनी स्क्रीनजवळ वाकून ती ओळ वाचली. मग म्हणाले, "शाळेत हे नाव लावणार होतो त्याला. कुणाला बोललो नव्हतो. तुझ्या आईलासुद्धा नाही. पहिल्या दिवशी रजिस्टरमध्ये लिहून मग घरी सांगणार होतो."

आई जाऊनही तोवर बरीच वर्षं झाली होती. मी रडत होते. म्हटलं, "राहू दे ना आप्पा. कोण बघतंय?"

"उद्या मी सही करायची आहे, बाळा. जो शाळेत बसलाच नाही त्याची ओळ कशी ठेवू? पुसायचं कुठून?"

मी ती ओळ निवडून दिली आणि बटण दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कीबोर्डला बोट लावलं. स्क्रीनवर एक चौकट आली.

"काय विचारतंय?"

"पुसलं तर परत आणता येणार नाही, म्हणतंय. नक्की पुसायचं का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग होय कुठलं ते विचारलं, आणि दाबलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी २२८५ नावांची यादी ताडून पाहिली आणि खाली सही केली.

कोड मी माझ्याहून हुशार लोकांना दाखवला. कुणाला त्यात काही सापडलं नाही. आप्पांना जाऊन आता दोन वर्षं झाली. ती फाइल आणि तो प्रोग्राम माझ्याकडे सीडीवर आहे. दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी मी टेबल रिकामं करते, प्रोग्राम चालवते आणि आकडा थांबेपर्यंत श्वास रोखून बसते. त्या दुपारी आप्पांचा हात का धरला नाही, हे तेव्हा दरवेळी मनात येतं.

दरवेळी २२८५ येतात. अगदी बरोबर.